श्वासपटलाला पडलेला पेच

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. दौंडच्या कस्तुराबाईंच्या छातीखाली आणि पोटाच्या वर मी उघड्या छत्रीसारखा पसरलेला असतो. पुस्तकात मला श्वासपटल म्हणतात. मी खाली सरकलो की श्वास आत येतो, वर गेलो की बाहेर जातो. माझं वय बाईंएवढंच, सत्तरीच्या पुढचं. पण मी नक्की कोणत्या घरचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

शरीरात स्नायूंची तीन घरं आहेत. हातापायांचे स्नायू ऐच्छिक. त्यांच्या अंगावर आडवे पट्टे असतात. ते सांगितलेलं काम करतात आणि दमतातही. जठराचे, आतड्यांचे स्नायू अनैच्छिक. ते बिनपट्ट्यांचे, दोन्ही टोकांना निमुळते आणि संथ. त्यांना हुकूम चालत नाही. तिसरं घर हृदयाचं. त्याला पट्टे आहेत, फांद्याही आहेत, पण तेही कुणाचं ऐकत नाही आणि जन्मभर विसावा घेत नाही.

माझ्या अंगावर पट्टे आहेत, म्हणून पुस्तक मला हातापायांच्या घरात बसवतं. पण हातपाय निजतात, मी कुठं निजतो? बरं, हृदयाच्या घरचा म्हणावं, तर बाईंनी श्वास रोखला की मी मुकाट थांबतो. हृदय माझ्याच पाठीवर बसलेलं, जठर खाली टेकलेलं, आणि मधे मी.

बाई त्यांच्या आईच्या पोटात होत्या, तेव्हाच मी हलायला लागलो होतो. तिथं तर हवाच नव्हती. मग मला हलायला कुणी सांगितलं?

पुढे कामाचे दिवस आले. बाई बाजारात भाजी विकायच्या. ‘मेथी घ्या, शेपू घ्या’ ही त्यांची हाक पार स्टेशनकडे ऐकू जायची. लोक गळ्याचं कौतुक करायचे. जोर माझा होता. संध्याकाळी त्या बुद्धवंदना म्हणतात, तो नेम अजून चुकलेला नाही. त्यातला लांब श्वास मीच पुरवतो. पण शपथ घेताना लोक हात ठेवतात तो हृदयावर. माझी आठवण होते फक्त उचकी लागल्यावर.

तशी ती मागच्या महिन्यात लागली. दुपारी जेवताना सूनबाई दीक्षा सहज बोलून गेली, “आत्या, शेजारच्या चांदबी मावशी आज शिरूरला चालल्यात. लेकाकडं, अलीमकडं, कायमच्या.”

चांदबी म्हणजे बाईंची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. उन्हाळ्यात त्यांच्या शेळीनं बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या. बाई म्हणाल्या, शेळी बांधून ठेव. चांदबी म्हणाल्या, वाळवण राखायला शीक. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

बाईंनी भाकरीचा कोरडा घास तसाच गिळला आणि वर घटाघट पाणी प्यायल्या. जठर फुगलं, त्यानं मला खालून ढुशी दिली आणि मी दचकलो. हिक्. मग थांबता येईना. हा हुकूम बाईंचा नव्हता आणि मीही काही ठरवलं नव्हतं.

आमच्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं समजतात आणि एकेकाचं नाव घेतात. ज्याच्या नावाला उचकी थांबेल, आठवण त्याची.

“रंभा वन्सं असतील,” दीक्षा म्हणाली. हिक्.

“मांडवगणचा बबनमामा,” मुलगा धम्मदीप म्हणाला. हिक्.

“बाजारातली जुनी गिऱ्हाईकं?” दीक्षानं विचारलं.

“मेली की निम्मी.” हिक्.

“मग राहिलेली निम्मी काढत असतील.”

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या शेळीवालीचं नाव घ्यायचं न्हाई.”

ते कुणी घेतलंच नव्हतं.

थोड्या वेळानं चांदबींच्या दारात टेम्पो येऊन थांबला. बाई उठल्या आणि चप्पल न घालताच तिकडे गेल्या. चांदबी गाठोडं बांधत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“मघापास्नं ऐकतीय तुझी उचकी. पाणी पी की.”

“प्याले.” हिक्.

“साखर खा मग.”

“चांद...” बाईंच्या तोंडून एवढंच आलं आणि श्वास अडला. मी खाली ताणलेला, तसाच थांबलो. बाईंनी मला थांबवलं नव्हतं. पाठीवर हृदय मात्र धडधडत होतं. मग हळूहळू श्वास सुटला. उचकी गेली होती.

“थांबली,” चांदबी म्हणाल्या. “म्हंजी मीच काढत हुते आठवण.”

“शेळी नेणार व्हय तिकडं?”

“दुसऱ्या मजल्यावर शेळी? ती तुझ्याकडं ठिवून चालले.”

“आन् माझं वाळवण?”

“राखायला शीक.”

दोघी हसल्या. हसताना मी वर-खाली उडत होतो, तेही कुणाच्या हुकमानं, मला कळलं नाही.

डॉक्टर म्हणतील, श्वास रोखला की उचकी थांबते, त्यात नवल काय. खरं आहे. पण तो रोखला कुणी?

म्हणून मित्रांनो, सावकाश जेवा, ताठ बसा, दिवसातून एकदा तरी मला पुरतं पसरू द्या. आणि एखाद्याचं नाव घेताना मी अडलोच, तर टेम्पो निघायच्या आत त्या दाराशी जाऊन या. शेळी आता आमच्या दारात बांधलेली असते. वंदनेला बसण्याआधी बाई तिला पाला घालतात, तेव्हा रोज श्वास जरासा अडतो, आणि मी कोणत्या घरचा, हा विचार पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.