मातेला वाहिलेला कोट

मी एक कोट आहे. जाड लोकरीचा, उंटाच्या रंगाचा, गुडघ्याखाली पोचणारा. सध्या डोंगरावरच्या मादोन्ना मातेच्या देवळात, नवस फेडताना लोकांनी वाहिलेल्या कुबड्या आणि चांदीच्या छोट्या हृदयांमध्ये लटकलो आहे. माझा अजून विश्वास बसत नाही.

रोक्कासेल्वा गावच्या शिंप्याकडून एर्सिलियाबाईंनी मला नवऱ्यासाठी शिवून घेतलं. हे ओरेस्ते म्हणजे गावच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. सगळे त्यांना ‘मिस्टर’ म्हणत, आमच्याकडे प्रशिक्षकाला म्हणतात तसं. पहिल्याच रविवारी मला घालून ते मैदानाच्या कडेच्या बाकावर बसले आणि संघ जिंकला. झालं! तेव्हापासून मी शुभशकुनाचा, मला पाणी लावायचीही बंदी. मे महिन्याच्या उन्हातही मी त्यांच्या अंगावरच. खेळाडू आत जाताना माझी बाही चाचपून जात.

“मिस्टर, तुम्ही नाही आलात तरी चालेल,” गोलरक्षक फाउस्तो म्हणायचा, “कोट तेवढा पाठवा!”

“आणि तू नुसते हातमोजे पाठव. तसाही कुठे अडवतोस?”

मिस्टरांचे केस पांढरे झाले, अध्यक्ष बदलत गेले, बाक तोच राहिला.

मग संघ ओळीने हरू लागला. एका सोमवारी बाई चुलीपाशी रस्सा ढवळत होत्या, आणि रेडिओवर सांगितलं, ओरेस्तेंना काढलं. मिस्टर टेबलाशीच बसले होते. त्यांनाही तेव्हाच कळलं! खुंटीवर माझं अस्तर गारठलं. काढलं? यांना?

मिस्टर जेवेनात, बोलेनात. रविवारी तर खिडकीही उघडू देईनात, मैदानातला गलका ऐकू येईल म्हणून. बाईंनी नवस बोलला, “माते, याच्या पोटात दोन घास जाऊ देत. याचा कोट तुला वाहीन.” आणि खरंच, एका दुपारी मिस्टरांनी मक्याचा सांजा पुन्हा मागून घेतला. दुसऱ्याच दिवशी माझी घडी करून बाईंनी मला इथे आणून वाहिलं. मी हबकलोच! मला नाही विचारलं, त्यांनाही नाही.

दुःखात बाई एक गोष्ट विसरल्या होत्या. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये काढलेल्या प्रशिक्षकाचा करार संपत नाही. नवा फसला की जुन्यालाच परत बोलावतात. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. आणि नवा फसलाच, मिस्टरांना परत बोलावणं आलं. शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार होता. संघाचे अध्यक्ष तुल्लिओ मिस्टरांना आणि बाईंना घेऊन धापा टाकत देवळात आले.

“फादर, कोट काढा खाली!”

“मातेला दिलेलं परत मागतोस?” फादर आन्सेल्मो म्हणाले. “उद्या तिचा मुकुटही मागशील.”

“मुकुटाने गोल होत असेल तर तोही द्या!”

बाई रडू लागल्या. “ओरेस्ते, तुला परत बोलावतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे. मीच तुला उघडं पाडलं.”

मिस्टर माझ्यापुढे उभे राहिले. चेहरा पांढराफटक. माझ्याशिवाय त्या बाकावर बसणं त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी हात उचलला. मला वाटलं, सुटलो! पण हात अर्ध्यातूनच मागे गेला.

“तू शब्द दिलायस ना? मग राहू दे. मी नुसत्या शर्टावर बसेन.”

“मेलो!” म्हणत अध्यक्ष बाकड्यावर मटकन बसले.

रविवारी फादरांचा रेडिओ मी जिवाचा कान करून ऐकत होतो. संघ एका गोलाने जिंकला. माझ्याशिवाय! संध्याकाळी अख्खा गाव डोंगर चढून आला, माझ्या कडांचे मुके घेऊ लागला. म्हणे, कोट मातेपाशी होता म्हणूनच जिंकलो. अरे, मी काय केलं? नुसत्या शर्टावर बसून धीर धरला तो त्या माणसाने.

गर्दी ओसरल्यावर ते दोघं आले. बाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि दचकल्या.

“ओरेस्ते, तुझी पाठ कोरडी! मे महिन्यात नेहमी चिंब भिजून यायचास.”

“जड होता गं तो,” मिस्टर हळूच म्हणाले. “पण तू इतक्या मायेने शिवून घेतलेला. कसं सांगू?”

जड? मी? मी तर समजत होतो, मी त्यांना ऊब देतोय!

मग मातेच्या पायाशी जळणाऱ्या मेणबत्त्यांकडे बघता बघता मन निवळलं. जानेवारीत हा डोंगर गारठतो. अंगावर धड कपडा नसलेली माणसं इथे पायऱ्यांवर येऊन निजतात. फादर, माझं ऐका, मला खाली काढा आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी खांद्यावर घाला. माता रागावणार नाही. आणि त्या खांद्यांना मी जड होणार नाही.