दहा यार्ड अलीकडे

गेल्या शनिवारी दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी सामना संपला. ऑस्टरमन कॉलेज सहा, टॅलमेज कॉलेज एक्केचाळीस. मोसमातली ही आमची आठवी हार. भोंग्यावरून टॅलमेजच्या पुढच्या फळीची नावं वाचली गेली, तेव्हा त्यांतली तीन मला पाठ होती. ती माझ्या अंगावर कोरलेली आहेत.

मित्रांनो, मी एक जुना ढकलगाडा आहे. मला चाकं नाहीत. खाली दोन लोखंडी पट्ट्या, पुढे ओळीने सात गाद्या आणि मागे एका माणसाला उभं राहता येईल एवढी फळी. आमच्या कॅन्ससमधला फुटबॉल पायाचा कमी आणि खांद्याचा जास्त. चेंडू काखेत मारून पळणारा एक असतो, आणि त्याला वाट करून देण्यासाठी समोरच्यांना मागे रेटणारे दांडगे गडी पाच. रेटायचं कसं हे ते माझ्यावर शिकतात. फळीवर कोच उभा राहतो, शिट्टी वाजवतो आणि शिव्या देतो. मी सरावाच्या मैदानाबाहेर कधी गेलेलो नाही. इथे जे दिसलं आणि कुंपणापलीकडून जे ऐकू आलं, तेवढंच सांगतो.

त्या शनिवारी लोक माझ्या कुंपणाजवळून आपापल्या गाड्यांकडे जात होते.

"कोच, त्या गाड्यालाच खेळवा की," एक जण ओरडला. "तो तरी सोडून जाणार नाही."

चिलीचा, म्हणजे तिखट राजम्याच्या रश्श्याचा, कागदी पेला हातात धरलेली एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "आमच्या लग्नाला आला होता हा कोच. तेव्हा देवमाणूस वाटायचा."

"आणि आता?"

"तेव्हा नवराही देवमाणूसच वाटायचा."

एकाने दालचिनीचा रोल कोचच्या मोटारीच्या काचेवर फेकून मारला. तो चिकटून राहिला. कोच ऑर्विल ड्रेस्लर आले, तो बोटांनी उचकटून खाली टाकला आणि मोटारीत बसून निघून गेले. त्यांचं वय एकाहत्तर आहे. चौतीस वर्षं ते मुख्य कोच आहेत.

माझा जन्म १९८३ च्या मार्चमधला. गावाबाहेर शेतीची अवजारं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने मोडीत निघालेल्या पेरणीयंत्राचं लोखंड कापून, जोडून मला बनवलं. मला बनवून घ्यायला आलेला माणूस एकोणतीस वर्षांचा सहायक कोच होता, हाच ड्रेस्लर. मिस्त्रीने विचारलं, "एवढा जड कशाला करायचा?" ड्रेस्लर म्हणाले, "पोरांना एक वर्ष पुरला पाहिजे." त्याचा अर्थ मला कळला नाही. मिस्त्रीलाही कळला नसावा, पण त्याने आणखी लोखंड जोडलं.

ड्रेस्लर मुख्य कोच झाले आणि त्यांनी नियम केला. पहिल्या वर्षाच्या खेळाडूने सामन्यात उतरायचं नाही. त्याने वर्षभर मला ढकलायचं. मोसमातल्या शेवटच्या गुरुवारी पहिल्या वर्षाचे सगळे मिळून मला, कोचना फळीवर घेऊन, मैदानाच्या मध्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत नेतात. पन्नास यार्ड. रेषा ओलांडली की कोच खिशातून लोखंडी अक्षरठसे काढतात. एकेक ठसा ते माझ्या आडव्या दांड्यावर उघड्या बोटांनी धरतात आणि ज्याचं नाव तो खेळाडू हातोडा मारतो. दमलेल्या हाताचा नेम चुकतो. दर नोव्हेंबरात कोचच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं असायचं, आणि ते काळं नख गावात सगळ्यांना दाखवत फिरायचे.

माझ्यावर दीडशेच्या वर नावं आहेत. ज्याचं नाव माझ्यावर उमटलं तो पुढची चार वर्षं इथेच खेळायचा. आमच्या पुढच्या फळीसमोर कोणी टिकत नसे. त्या काळात लोक माझ्याबरोबर फोटो काढत. एका नव्या जोडप्याने लग्नाच्या कपड्यांत माझ्या फळीवर उभं राहून फोटो काढून घेतला होता. माझ्या पट्ट्यांना दर सोमवारी ग्रीस लागायचं.

मग खेळाडूंसाठीचा कायदा बदलला. कॉलेज सोडून दुसऱ्या कॉलेजात जायचं आणि लगेच खेळायचं, याला मोकळीक मिळाली. मोठी कॉलेजं आमचे सराव पाहायला माणसं पाठवू लागली. कोचनी नियम बदलला नाही. गेल्या तीन वर्षांत माझ्यावर अकरा नावं उमटली. त्यांतली नऊ जानेवारी उजाडायच्या आत निघून गेली. आम्ही वर्षभर तयार करायचं आणि दुसऱ्यांनी खेळवायचं, असा हा व्यवहार. आमच्या फळीत उरले ते कोणालाच नको असलेले. लोक नाना कारणं सांगतात, पण संघ का हरतो याचं उत्तर माझ्या दांड्यावर लिहिलेलं आहे.

माझी हालतही सांगतो. दोन गाद्या फाटल्या आहेत आणि एकीत गांधीलमाश्यांनी घर केलं आहे. ग्रीस बंद आहे. त्याबद्दल माझ्या मनात राग आहे, तो लपवत नाही.

सोमवारी दुपारी लामार गेटवुड, पुढच्या फळीतल्या रेटणाऱ्या गड्यांचा कोच, माझ्यापाशी आला. माझ्या दांड्यावर डावीकडून सतरावं नाव त्याचं आहे, १९९६ चं. तो ड्रेस्लरना म्हणाला, "कोच, शनिवारी एमेट श्रागला खेळवा."

एमेट श्राग पहिल्या वर्षाचा आहे. गव्हाच्या शेतावर वाढलेला, एकशे चाळीस किलोंचा. मला एकटा सरकवू शकणारा बेचाळीस वर्षांतला तो दुसरा. पहिला गेटवुड.

"पहिल्या वर्षाचा आहे तो," कोच म्हणाले.

"त्याला तीन कॉलेजांचे फोन आलेत. खेळवलं नाही तर जाईल."

"जाऊ दे."

"असं तीन वर्षं म्हणताय. कोच, आपण कणीक मळतोय आणि पाव दुसरेच भाजतायत."

"गेटवुड, तुला माझी खुर्ची पाहिजे असेल तर सरळ माग."

"तुमची खुर्ची? जिच्यात बसणाऱ्याच्या मोटारीवर लोक खाऊ फेकतात ती?"

कोच फळीवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. १९८२ साली, सहायक असताना, त्यांनी लोनी वेब नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला तिसऱ्याच आठवड्यात मैदानात उतरवलं होतं. पोराला डोकं खाली घालून भिडायची सवय होती. ती मोडायला वेळ मिळाला नाही. मान मोडली. तो जगला. पण पुन्हा चालला नाही.

"मीच पाठवलं होतं त्याला," कोच म्हणाले. "मुख्य कोच नको म्हणत होते."

म्हणजे मित्रांनो, मी कशासाठी जन्मलो हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

गेटवुडने माझ्या दांड्यावरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंत? मी वर्षभर हा गाडा ढकलला. मला वाटायचं तुम्हाला आमचा छळ करायला आवडतं."

"आवडतंही."

"श्रागला सांगा हे."

"तो काय माझी पापं ऐकणारा पाद्री आहे?" कोच उठले. "शनिवारी खेळणार नाही. विषय संपला."

मंगळवारी क्रीडा विभागाच्या प्रमुख रोंडा कीलिंग आल्या. चिखलातून चालायची सवय नसलेले बूट घालून त्या माझ्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या.

"शनिवारचा शेवटचा सामना हरलात तर रविवारी निवेदन काढावं लागेल," त्या म्हणाल्या. "निवृत्तीचं काढायचं की दुसऱ्या कशाचं, ते तुम्ही ठरवा."

"तुम्ही बालवाडीत होतात तेव्हा मी या मैदानावर चुन्याच्या रेघा मारत होतो."

"त्या अजून तशाच आहेत, कोच. अडचण तीच आहे."

त्या गेल्यावर कोचनी माझ्या फाटक्या गादीला लाथ मारली. गांधीलमाश्या बाहेर आल्या. एक त्यांना चावली. मला वाईट वाटलं नाही.

गुरुवारी साडेचारला कोच फळीवर चढले. पहिल्या वर्षाचे सात असायला हवे होते. पाच उरले होते, दोघे ऑक्टोबरातच गेले. थंड वारा होता आणि जमीन कडक. पाच जणांनी गाद्यांना खांदे लावले. पहिले दहा यार्ड सगळ्यांनी मिळून रेटले. तीस यार्डांनंतर दोघांचे पाय घसरू लागले आणि वजन श्रागवर आलं. वरून कोच ओरडत होते, "डोकं वर! डोकं वर ठेव, गाढवा!" ते हेच वाक्य बेचाळीस वर्षं ओरडत आले आहेत. ते का, हे त्या दिवशी मला माहीत होतं. श्रागला नव्हतं.

रेषा दहा यार्डांवर असताना श्रागने खांदा काढला आणि तो ताठ उभा राहिला. माझ्या आयुष्यात असं कोणी केलं नव्हतं.

"ढकल," कोच म्हणाले.

"शनिवारी मी खेळणार का?"

"ढकल म्हटलं ना."

"मला जायचं नाहीये, कोच. घर इथून चाळीस मैलांवर आहे, गुरं आहेत, आई आहे. पण मला खेळायचंय. नाही म्हणायचं असेल तर का ते सांगा. एक कारण सांगा, मी मुकाट ढकलतो."

"नियम आहे."

"हे कारण नाही."

"माझ्या मैदानावर आहे."

"मग तुमचा गाडा तुम्हीच ढकला."

गेटवुड बाजूला उभा होता. त्याने कोचकडे पाहिलं. पाचही जण इमारतीकडे चालू लागले. गेटवुडही गेला. कोच फळीवर तसेच उभे राहिले. सव्वापाचला ते उतरले. खिशात ठसे वाजत होते.

शनिवारच्या संघाची यादी शुक्रवारी पाच वाजता माझ्या मधल्या गादीला चिकटवतात, ही जुनी पद्धत. कोच स्वतः लिहितात, काळ्या शाईने. काल यादी लागली. चौऱ्याहत्तर नंबर, श्राग, हे नाव त्यात होतं. ते पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

खेळाडू जमले. एक जण म्हणाला, "अरे वा, एमेट, तुझं नाव आलंय."

"आलंय?" श्राग पुढे झाला. त्याने नावावर अंगठा घासला. अक्षरं पुसट झाली. "सकाळपर्यंत राहतं का बघू." तो हसला नाही.

गेटवुड कोचच्या खोलीच्या दिशेने गेला. दार आपटल्याचा आवाज आला आणि दोन वाक्यं ऐकू आली. "खोडरबर पण देऊ का तुम्हाला?" आणि "तू तुझं काम बघ." पुढचं वाऱ्यात गेलं, म्हणून सांगत नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी माझ्यासारख्याने तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला ग्रीस द्या, गादी शिवून द्या, असं मी म्हणू शकतो, आणि ते मिळालं तर मला हवंच आहे. पण जास्त हवं ते दुसरंच. तुम्हाला पाठीवर घेऊन कोणी ओढत किंवा रेटत असेल, तर हे कशासाठी ते त्याला एकदा सांगत जा. मी लोखंड आहे, मला बेचाळीस वर्षं थांबता आलं. माणसं वर्षाच्या आत निघून जातात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

आज शनिवार. सामना एक वाजता आहे. साडेअकरा वाजले आहेत. मी अजून रेषेपासून दहा यार्ड अलीकडे आहे, मला कोणी हलवलेलं नाही. यादी गादीवर आहे आणि पेन्सिलीतलं नाव वाचता येतं. श्रागचा ट्रक कुंपणापाशी उभा आहे, इंजिन चालू. मागे त्याची बॅग दिसते. ती मैदानासाठी भरली आहे की प्रवासासाठी, हे इथून कळत नाही.

अकरा अडतीसला कोच इमारतीतून एकटेच बाहेर आले. गळ्यात शिट्टी नव्हती. ते माझ्या बाजूने, माझ्याकडे न बघता, ट्रकपर्यंत गेले आणि खिडकीपाशी उभे राहिले. त्यांनी काचेवर दोनदा टकटक केली. ते काहीतरी बोलत आहेत. हाताने ते स्वतःच्या मानेकडे दाखवत आहेत.

अकरा एक्केचाळीस. काच अजून खाली झालेली नाही.