एकोणीस खुणांची पट्टी

मित्रांनो, मी वाद्ये बनवणाऱ्या एका कारागिराची जुनी लाकडी पट्टी आहे. माझी गोष्ट सांगताना मान वर होत नाही, तरी सांगते.

तारेच्या वाद्यावर सूर ठरवणारे पडदे कुठे बसवायचे, ते माझ्या अंगावरच्या खुणा दाखवतात. बहुतेक जण सप्तकाचे सारखे बारा भाग करतात. आमच्या कारागिराने हट्टाने एकोणीस केले. आठवडाभर गणित मांडून त्याने माझ्यावर खुणा कोरल्या. त्याचा हात सुरेख, पण कान जाड. म्हणून त्याची थोरली बहीण, ताई, प्रत्येक वाद्य ऐकून पास करी.

"गांधार बघ किती शांत झालाय!" माझ्या मापाचे पहिले वाद्य छेडून ती म्हणाली. "पंचम जरा सैल आहे, किंचित उतरतो, पण चालेल."

मी फुशारून गेले.

मग एकदा मी फरशीवर पडले आणि ज्या टोकापासून माप धरतात, त्याचा टवका उडाला. कारागिराने ते टोक कानशीने घासून सारखे केले आणि विसरून गेला. मी दोन तांदळांच्या जाडीएवढी आखूड झाले. त्यामुळे पडदे अलीकडे बसू लागले, सूर उतरू लागले. मला कळत होते. सांगता येत नव्हते.

पुढे एक गायिका वाद्य घ्यायला आली. कारागिराने वेगवेगळ्या पट्ट्यांवर बेतलेली बारा, एकोणीस आणि एकतीस भागांची तीन नवी वाद्ये समोर मांडली आणि ताई एकेक छेडू लागली. बारा भागांच्या वाद्याचा गांधार नेहमीसारखा चढा निघाला. एकतीस भागांचा गांधार अगदी गोड, पण पडदे इतके दाट की बोट ठेवायला जागा नाही. एकोणीस भागांच्या वाद्यावर ताई थांबली.

"हा पंचम फारच उतरलाय रे."

"एकोणीसचा पंचम सैलच असतो. तूच म्हणाली होतीस."

"एवढा नव्हता."

"पट्टी तीच आहे, ताई. पट्टी काय म्हातारी होते? कान होतात."

गायिकेसमोर बोलला तो. ताईने वाद्य हळूच खाली ठेवले. गायिका बारा भागांचे घेऊन गेली. ताई पुन्हा कारखान्यात आली नाही. चूक माझी होती आणि बोल तिला लागला.

सहा महिन्यांनी एकोणीसच्या एका वाद्याबद्दल तक्रार आली. कारागिराने तारेच्या लांबीएवढा दोरा घेऊन मधोमध दुमडला. वरच्या 'सा'चा पडदा बरोबर अर्ध्यावर हवा होता. तो अलीकडे होता. त्याने माझे टोक चाचपले आणि ते घासल्याचे त्याला आठवले.

मला घेऊन तो ताईच्या दारात गेला. ती भाजी निवडत होती.

"ताई, पट्टी आखूड झालीय."

"हं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते की."

ती पुन्हा भाजी निवडू लागली. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

मित्रांनो, मापाच्या वस्तू जपून ठेवा, पडल्या तर पुन्हा मोजून पाहा. आणि माणसाचे व पट्टीचे जुळेनासे झाले, तर आधी पट्टी तपासा. तपासले म्हणून पट्टी रुसत नाही.

ताई अजून कारखान्यात आलेली नाही.