कडू घास

मिरजगावच्या वैजनाथ तात्यांनी उभा जन्म कीर्तनात टाळ धरला. महाराजांच्या मागं उभं राहायचं, चाल उचलायची, डोळे भरून आले तरी ठेका सोडायचा नाही, एवढं त्यांना जमत होतं. पण तिथं बाजूला पखवाज असायचा. त्या दिवशी सिंगापुरात ठेका एकट्यानं सांभाळायचा होता, कारण पखवाज वाजवणाराच गेला होता.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या लेकीनं, राजनंदिनीनं, आईबापांना एका टूरबरोबर धाडलं होतं. सहलीची ती शेवटची संध्याकाळ, आणि नेमका तोच लग्नाचा वाढदिवस. सकाळी परतीचं विमान. मालन खोलीत जरा आडवी झाली होती. तात्या व्हरांड्यात जप करत फेऱ्या मारत होते, तेव्हा देवळाली प्रवऱ्याहून फोन आला. कारभारी बोलत होता, मालनच्या थोरल्या भावाचा, अजिनाथचा मुलगा.

"मामा, आण्णा गेले."

"कुठं गेले?" तात्यांनी विचारलं. माणूस असंच विचारतो.

पलीकडं कारभारी रडायला लागला, तेव्हा तात्या भिंतीला टेकले. मग हळूहळू सगळं कळलं. सप्त्याचा शेवटचा दिवस. काल्याच्या कीर्तनाआधी अजिनाथ मंडपात पखवाजाला ओली कणीक थापत बसले होते, त्याशिवाय डाव्या अंगाचा आवाज भरत नाही. थापता थापता खांबाला टेकले ते टेकलेच.

"हाताची कनीकसुदिक सुकली न्हवती, मामा."

तात्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फ्रीजची पेटी आनलीय. आई म्हनती, आत्यानं तोंड बघितल्याबिगर उचलायचं न्हाई. उद्या सांजच्याला पोचताल ना?"

"पोचतो. तवर आत्याला फोन करू नका कुनी. राजनंदिनीलाबी सांग."

फोन बंद झाला. हातातली जपमाळ कुठल्या मण्यावर होती ते तात्यांना आठवेना.

अजिनाथ त्यांचा मेव्हणा नंतर झाला, आधी सोबती. देवळालीच्याच एका सप्त्यात मिरजगावची दिंडी कीर्तनाला गेली होती. तरणा वैजनाथ टाळ वाजवत होता, आणि पखवाजावरचा तरणा अजिनाथ त्याच्याकडं बघून हसत होता. कीर्तन संपल्यावर त्यानं बापाला सांगितलं, हा माणूस लयीला पक्का आहे, आपली मालन भलत्याच्या घरी पडायला नको, ह्याच्याच घरी द्यायला पाहिजे. एवढ्या चौकशीवर लग्न ठरलं. पुढं चाळीस वर्षं, कुठंही सप्ता असो, दोघं एकमेकांकडं बघून वाजवत आले.

तात्यांना भिंतीशी बसून ओरडावंसं वाटत होतं. पण आत मालन होती, आणि मालनला साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन घ्यायचं, घेतलं की लगेच पोटात अन्न गेलंच पाहिजे. तिची आई गेली तेव्हा मालननं मयत उचलेपर्यंत पाणीसुद्धा तोंडात घेतलं नव्हतं. तिरडीपाशीच कोसळली. एकीकडं सासूला पोचवायचं आणि दुसरीकडं बायकोला सलाईन, असा तो दिवस गेला होता. रात्री शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली तेव्हा कुठं दोन घास गेले. मयताच्या घरी चूल पेटत नाही. माती देऊन माणसं परतली की शेजारपाजारचे साधं अन्न आणून बळंच भरवतात, त्याला कडू घास म्हणतात.

आत्ता सांगितलं तर उद्या संध्याकाळपर्यंत ही अन्नाला शिवायची नाही, हे तात्यांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. विमान, मग मुंबईहून गाडी, एवढा प्रवास कसा झेपणार? म्हणजे आधी जेवू घालायचं, मग सांगायचं. महाराज कीर्तनात सांगत, वैद्यानं कडू औषध गुळात लपवून दिलं तर त्याला खोटं म्हणू नये. पण इथं गूळच वर्ज्य होता. भाऊ पेटीत पडलेला असताना आपण गोडधोड खाल्लं, हे मालनला उद्या कळलं असतं. तो घास तिला जन्मभर उतरला नसता. तेव्हा जेवू तर घालायचं, पण सणाचं जेवण होऊ द्यायचं नाही. हे कसं करायचं ते कुठल्या महाराजांनी सांगितलेलं नव्हतं.

"अहो, किती येळ जप?" दार उघडून मालन बाहेर आली. डाळिंबी रंगाची साडी, केसात तिथल्याच बाजारात घेतलेला गजरा. "देव कटाळला आसंल तुमाला."

तात्या तिच्या गजऱ्याकडं बघत राहिले.

शेजारच्या खोलीतून मुबारकबी आल्या. नगरच्या उर्दू शाळेतल्या निवृत्त बाई. एकट्याच सहलीला आलेल्या, आणि पहिल्याच दिवशी बसमध्ये मालनच्या शेजारी बसल्या त्या तिच्याच होऊन गेल्या.

"भाऊ, आजचं जेवण माझ्याकडून," मोबाईल पुढं करत त्या म्हणाल्या. "नदीकाठचं हॉटेल शोधलंय. दिवे काय, गाणं काय. वाढदिवस असला की केक फुकट देतात."

"आनि मी खानार," मालन म्हणाली. "सहा वर्षं फिका च्या पितेय. आज एक दिस गोड खाल्लं तर मरत न्हाई कुनी."

तात्यांनी चप्पल घालण्यासाठी मान खाली घातली, आणि बराच वेळ ती चप्पल त्यांच्या पायात जाईना.

नदीकाठी खरंच दिव्यांच्या माळा होत्या. एक पोरगा गिटार वाजवत होता. एका टेबलावर केक आला, चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. तात्या दारातच थांबले. त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं गेला.

"हितं एकाच कढईत सगळं तळत आसतील. माझी माळ हाय."

"मी विचारलंय भाऊ. तुमचा स्वयंपाक वेगळा होतो. तीन हॉटेलं तेवढ्यासाठीच सोडली मी."

"तरी नको."

"माळ गळ्यात हाय तुमच्या का पायात?" मालन म्हणाली. "एक पाऊल पुढं टाकवंना झालंय."

पण ती वळली. तात्यांचा हात माळेवरच होता. चाळीस वर्षांत त्या माळेला धरून ते खोटं बोलले नव्हते. मनातल्या मनात त्यांनी पांडुरंगाला सांगितलं, हे तुझ्या नावावर घे, मला आज दुसरं काही सुचत नाही.

मुबारकबी मोबाईल बघत पुढं चालत होत्या. त्यांनी दोघांना हिंदुस्थानी दुकानांच्या गल्लीत आणलं. तिथं एक गुजराती थाळीचं हॉटेल होतं, अस्सल शाकाहारी, दारावर गणपती. आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक मुलगी गरम जिलबी ठेवत होती.

"आता बोला," मालन नवऱ्याला म्हणाली. "हितं तर देवच बसलाय दारात." आणि मुबारकबींकडं वळून, "काल आण्णाचा फोन आल्ता. मला म्हनला, माझ्या वाटची जिलबी खा, दाजीला सांगू नको." ती हसली, आणि जिलबीसाठी तिनं हात पुढं केला.

तात्यांनी तो हात धरला. "लई गर्दी हाय. दुसरीकडं बघू."

मालननं हात सोडवून घेतला. "दोन गावांच्या पंगतीत मांडीला मांडी लावून जेवता, आन हितं गर्दी व्हय?" मग आवाज उतरला. "चाळीस वर्षं तुमच्या पंगतीनं जेवले. आज एक डाव माझ्या मनानं जेवायचं हुतं. ऱ्हाऊ द्या. चला कुठं नेता ते."

चालताना ती तात्यांशी बोलली नाही. मुबारकबींनाच पिशवीतलं पुडकं दाखवत राहिली. त्यात दुपारी घेतलेला पांढरा, जाड टॉवेल होता. "आण्णाला. वाजवून वाजवून घामाघूम हुतो, आन पुसायला तेच जुनं फडकं. आता ह्यो खांद्यावर टाकून बसू दे, सिंगापूरचा." तात्या दोन पावलं मागं चालत होते. मागंच राहिले.

गल्लीच्या टोकाला एक लहानशी खाणावळ होती. ना दिवे, ना गाणं. लांब बाकडी, केळीची पानं, पांढरा भात, सांबार, ताक. मजूर माणसं खाली मान घालून जेवत होती. तात्या तिच्या दारात थांबले आणि म्हणाले, "हितं बसू."

मालननं आत बघितलं, मग नवऱ्याकडं. "ह्येच्यासाठी समुद्र वलांडला व्हय," एवढंच म्हणाली आणि बसली. मुबारकबी काही बोलणार होत्या, पण तात्यांच्या तोंडाकडं बघून त्यांनी मोबाईल बंद करून पिशवीत टाकला.

पदराआड करून मालननं इंजेक्शन टोचून घेतलं. पानं मांडली गेली. भात आला, सांबार आलं. भुकेलेली होती, रागात का होईना, ती जेवायला लागली. एक घास, दुसरा घास. प्रत्येक घासाबरोबर तात्यांच्या छातीवरचा दगड तसूभर हलत होता. अजून चार घास जाऊ दे विठ्ठला, अजून चार.

तेवढ्यात वाढपी खिरीचं भांडं घेऊन आला. तात्यांनी एक हात मालनच्या पानाच्या कोपऱ्यावर आडवा धरला, दुसरा स्वतःच्या पानावर. वाढप्याला वाटलं कळलं नाही, तो पुन्हा वाकला. तात्यांनी हात काढले नाहीत. मान हलवली. वाढपी पुढं गेला.

मालनचा घास हातातच राहिला.

काल्याच्या जेवणाला लापशीचं पातेलं संपेपर्यंत न उठणारा हा माणूस. तिला साखर निघाली तेव्हा तिच्या वाटचं गोडसुद्धा यानंच खाल्लं. तिनं त्या दोन हातांकडं बघितलं. नदीकाठ आठवला, जिलबी आठवली, आणि सगळ्या संध्याकाळचा अर्थ तिला तिथं बसल्या जागी लागला.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

तात्यांनी पानांवरचे हात काढून घेतले.

"राजनंदिनी बरी हाय ना?"

"बरी हाय."

दुसरं नाव घ्यायला मालनला बराच वेळ लागला. "आण्णा?"

तात्यांनी मान हलवली. "सकाळी. मंडपात. पखवाजाला कनीक लावत हुता. तरास काय झाला न्हाई." आणि घाईनं म्हणाले, "तुझी वाट बघत्यात. तू बघितल्याबिगर न्हेत न्हाईत."

ती ओरडली नाही. हातातला भात पानात ठेवला, पान पुढं सरकवलं, गजरा काढून बाकड्यावर ठेवला. मग पदर तोंडात कोंबून बसली. पलीकडचे मजूर जेवायचे थांबले, मग पुन्हा खाली बघून जेवायला लागले.

"मालन, इंजेक्शन घेतलंयस. दोन घास खा."

"न्हाई."

"चक्कर यील."

"माझा भाऊ उचलला न्हाई अजून. आमच्यात माती झाल्याबिगर खात न्हाईत, तुमाला ठाव न्हाई का?" ती तात्यांकडं बघत नव्हती. "जे खाल्लं त्येच ओकून काढू वाटतंय."

एवढाच बेत तात्यांनी केला होता, आणि तो संपला होता.

समोरच्या बाकावरून मुबारकबी उठल्या. वळसा घालून मालनच्या शेजारी येऊन बसल्या. पान ओढून जवळ घेतलं. "आमच्यातही तीन दिवस चूल पेटत नाही, मालनबाई. शेजारचे आणतात. माझे मालक गेले तेव्हा समोरच्या लंकाबाईंनी पिठलं आणलं होतं, माझ्या तोंडाला लावून बसल्या होत्या." त्यांनी भातावर ताक ओतलं, बोटांनी कालवलं. "इथं तुमची शेजारीण मीच."

"अजून येळ झाली न्हाई बाई त्याची."

"नसेल. पण तुमचा भाऊ थांबलाय ना तुमच्यासाठी? तुम्ही वाटेत पडलात तर त्याला आणखी थांबावं लागेल. बिचाऱ्याला किती थांबवायचं?"

मालननं त्यांच्याकडं बघितलं. मग तोंडातला पदर काढला.

मुबारकबींनी घास दिला. तो चावला जात नव्हता, डोळ्यांतलं पाणी ओठांवरून त्यात जात होतं. दुसरा दिला. तिसऱ्याला मालननं त्यांचा हात धरून बाजूला केला आणि मानेनंच तात्यांकडं खूण केली.

"त्येंनाबी द्या. त्येंचाबी गेलाय. सांजधरनं एकटंच वागवत्यात."

मुबारकबींनी घास पुढं केला. तात्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, आणि मग मात्र ठेका सुटला. साठी ओलांडलेला तो माणूस परमुलखातल्या बाकड्यावर पोरासारखा हुंदके देऊन रडला. "माळंला हात लावून खोटं बोललो, मालन," मधेच म्हणाले. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आण्णा सांगंल वर देवाला," ती म्हणाली.

पान संपलं. मालननं शेवटचं शीत पुसून घेतलं, कारण अन्न टाकू नये हे तिला त्यातही आठवत होतं. हात धुऊन आली आणि पिशवीतलं पुडकं काढून तात्यांच्या पुढं ठेवलं.

"ह्येची चिठ्ठी काढा. दुकानाची."

"आत्ता?"

"तिथं सगळ्या मानसांत नको काढायला. बहिनीनं भावाच्या अंगावर कापड घालायचं असतं. नवं आनायला मिरजगावला कुठं जाऊ आता."

तात्यांनी टॉवेल उलगडला. चिठ्ठी प्लास्टिकच्या दोऱ्यानं ओवली होती. नखानं तुटेना, ओढून तुटेना. शेवटी त्यांनी कोपरा तोंडाजवळ नेऊन दातानं तोडली. नवा कोरा वास आला. मालननं टॉवेल त्यांच्या हातून घेतला, दोन्ही हातांत धरून लांबी बघितली, खांद्यापासून खाली किती येईल ते.

"पुरंल," ती म्हणाली, आणि घडी घालायला लागली.