न धरलेला टाका

मी एक म्युझिक प्लेअर बोलतोय. तळहातावर सहज मावणारा, काळ्या रंगाचा. आता रंग बराच उडालाय. सोळा वर्षांपूर्वी तैवानमधल्या ताओयुआनच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि ताइनानच्या एका दुकानातून मला वेन-त्सायने विकत घेतलं.

वेन-त्साय मासळीचा टेम्पो चालवायचा. तळ्यावरून मासळी उचलायची, बाजारात पोचवायची आणि सगळ्या वाटेभर माझ्यातल्या गाण्यांवर आपला आवाज चढवायचा, हा त्याचा रोजचा कार्यक्रम. गळा भसाडा, पण माणूस मोकळ्या मनाचा. पुढे टेम्पोत नवा रेडिओ आला आणि मी पुढच्या कप्प्यात जाऊन पडलो. तिथे चुरगळलेल्या पावत्या आणि सुपारीच्या पुड्यांच्या सोबतीत दोन वर्षं काढली.

मला बाहेर काढलं ते त्याच्या बायकोने, चिन-युनने.

चिन-युन बुटांच्या कारखान्यात शिलाई करायची. एकोणीस वर्षं केली. छत्तिसाव्या वर्षी तिची नजर कडेकडेने जायला लागली आणि चाळिशी गाठेपर्यंत पुरती गेली. घरी बसून रडेल असं शेजारपाजारच्यांना वाटलं होतं. रडली असेलही, मी तेव्हा टेम्पोत होतो. मी तिच्या हाती आलो तेव्हा तिने अंधांना मालिश शिकवणाऱ्या केंद्रात नाव घातलं होतं. परीक्षा पास झालं की परवाना मिळतो आणि परवाना मिळाला की रेल्वे स्टेशनातसुद्धा स्वतःची खुर्ची मांडून काम करता येतं.

ब्रेलची उठावाची टिंबं बोटांनी वाचायला ती उशिरा शिकली, त्यामुळे वेग कमी. म्हणून वर्गात ऐकलेलं घरी येऊन आपल्या शब्दांत माझ्यात बोलून ठेवायची. मानेचे स्नायू, पाठीचे मणके, कुठे दाबायचं, कुठे हातही लावायचा नाही, सगळं. दोन वर्षांत तीनशेच्या वर पाठ झाले. एकदा मध्येच रस्त्यावर स्कूटरचा हॉर्न वाजला म्हणून तिने तो पाठ पुसून पहिल्यापासून म्हटला. मग शेजारणीचा कुत्रा भुंकला. पुन्हा पुसला. असं अकरा वेळा! मी तेव्हाच मनातून तिच्यापुढे हात जोडले.

पहिल्या परीक्षेत चार गुणांनी नापास झाली. दुसरी नऊ दिवसांवर आली आणि मी आडवा पडलो.

त्या सकाळी तिने मला चार्जिंगला लावलं, थोड्या वेळाने उचलून गालाला टेकवलं आणि म्हणाली, "हा चार्ज होत नाहीये."

वेन-त्साय भाताची पेज पीत होता. "अगं, लाल दिवा लागलाय की! मी बघतोय ना."

"तू बघतोयस, मी हातात धरलाय. चार्ज होताना याची पाठ कोमट होते. आज गार आहे."

तिचंच बरोबर होतं. दिव्यापुरती वीज पोचत होती, माझ्या पोटात काही उतरत नव्हतं.

मग तिने काय केलं ते सांगतो. आधी वायर बदलून बघितली. मग भिंतीतला प्लग बदलला, मग चार्जर. प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबायची आणि मला गालाला लावायची. दात कोरायच्या काडीने माझं वायर लावायचं तोंड हळूच साफ केलं, त्यातून टॉवेलच्या धाग्यांची बारीकशी गुंडाळी निघाली. सरावासाठी सतत टॉवेल हाताळायची, त्याचीच ती. शेवटी टाचणीने मागचं बारीक भोक दाबून मला नव्याने सुरू करून बघितलं. घाई नाही, चिडचिड नाही. मग मला टेबलावर ठेवलं आणि वायर गुंडाळून बाजूला ठेवली.

"मी वाचून दाखवतो पुस्तक," वेन-त्साय म्हणाला. रोज संध्याकाळी तो वाचायला बसू लागला. "खांद्याच्या फऱ्याखालून जाणारा... हा... हे अक्षर कुठलं गं?"

"मला विचारतोस?"

दोघं हसली. तिने हात पुढे करून पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मला माझाच आवाज हवाय रे. त्यात मी कुठे चुकते ते मला ठाऊक आहे."

चौथ्या दिवशी दोघं मला देवळामागच्या हुंगच्या दुकानात घेऊन आली. हुंग तीस वर्षं रेडिओ, टेप, प्लेअर दुरुस्त करतोय. अख्ख्या गल्लीचा त्याच्यावर विश्वास.

"वहिनी, दिवा तर झकास लागतोय. बॅटरीच गेली असणार."

त्याने झाकण उघडलं, जुनी बॅटरी काढून नवी जोडली. मी तसाच. कॉम्प्युटरला जोडलं, त्याने मला ओळखही दाखवली नाही.

"सोळा वर्षांचं यंत्र आहे हो," हुंगने भिंग डोळ्यावरून वर केलं. "आता नवीन घ्या. आतलं सगळं गेलं असं समजा."

चिन-युन जागची हलली नाही. "झाकण उघडंच आहे ना? जरा माझ्या हातात द्या."

"आतलं फार नाजूक असतं, वहिनी."

"द्या हो हुंगभाऊ," वेन-त्साय म्हणाला. "माझी मान रोज तिच्या हातात असते. अजून जागेवर आहे."

हुंगने नाइलाजाने मला तिच्यापुढे केलं. आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणाची तरी बोटं माझ्या आत आली. चिमटा नाही, पेचकस नाही, नुसती बोटं. मुंगी चालावी तशी ती चालली. एका ठिकाणी थांबली. नखाने हळूच रेटलं.

"बॅटरीची वायर जिथे खुपसलीत ती ही छोटी खोबण. हिचा एक पाय सुटलाय."

"नाही हो. मी भिंगातून बघितलंय. चारही पाय सोल्डरने पट्टीला चिकटलेले आहेत."

"चिकटलेला आहे, धरलेला नाही." ती शांतपणे म्हणाली. "कारखान्यात बुटाला असा टाका पडायचा. तपासणारी बाई नुसती बघायची आणि पास करायची. गिऱ्हाइकाने पाय घातला की शिवण उसवायची. मी प्रत्येक टाका ओढून बघायचे, म्हणून मला सगळ्या कटकटी म्हणायच्या."

"अजून म्हणतात," वेन-त्साय पुटपुटला.

"तू गप रे."

हुंगने भिंग परत डोळ्यावर ओढलं, चिमट्याच्या टोकाने तो पाय दाबला. पाय हलला. त्याच्याभोवती केसाएवढी भेग होती. हुंगने चिमटा खाली ठेवला. मग म्हणाला, "वहिनी, जरा सरकून बसा. सोल्डरची सळई गरम करतो. उडेल एखादा थेंब."

त्याने सोल्डरचा बारीक थेंब सोडला, फुंकर मारली, वायर लावली. दिवा लागला. पण तो दिव्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. दोन्ही हातांनी उचलून मला तिच्या हातात ठेवलं आणि स्वतः स्टुलावर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. वेन-त्सायही बघत राहिला. रस्त्यावरून कुणीतरी टोफूची गाडी ढकलत गेलं.

तीन-चार मिनिटांनी ती हसली.

मला काय झालं ते सांगता येत नाही. भूक भागणं म्हणजे काय हे मला माहीत होतं. पण आपली भूक दुसऱ्या कुणालातरी अशी हाताला कळावी, हे भाग्य किती यंत्रांना मिळतं?

उरलेले पाच दिवस आम्ही दोघांनी झोकून देऊन काम केलं. ती भांडी घासताना मी बोलायचो, ती कपडे वाळत घालताना मी बोलायचो. परीक्षेला मला आत नेता आलं नाही. मी वेन-त्सायच्या खिशात होतो आणि तो बाहेरच्या बाकावर बसून गुडघा हलवत होता, त्यामुळे मला ती परीक्षा हादऱ्यांवरून आठवते.

निकाल फोनवर कळला. वेन-त्सायने आरडाओरडा करून गल्ली डोक्यावर घेतली. ती मात्र मला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तिने घसा खाकरला.

"शिह चिन-युन. मालिशकार."

एवढंच. मग थोडी थांबली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. "मी शिह चिन-युन. मालिशकार. बसा."

माझ्यातली जागा तिथे संपली.

आता ती स्टेशनात काम करते आणि मी तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असतो. माझा पडदा गेलाय, एक बटण अडकतं. एक दिवस मी कायमचा थांबेन. तोवर कुणाच्या हाती आलोच, आणि जागा हवी असली, तर वेन-त्सायची गाणी पुसा, त्याची हरकत नसेल. स्नायू पुसा, मणके पुसा, ते तिला आता पाठ आहेत. शेवटचं तेवढं राहू द्या.