पहिली तिफण

गावात माझ्याबद्दल विचाराल तर कुणीही सांगेल, उत्तरेश्वर म्हणजे सरळ माणूस. कधी कुणाचा बांध कोरला नाही, कुणाच्या रानातलं कणीस मोडलं नाही, कुणासाठी खोटी साक्ष दिली नाही. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत कुणी काय काय उचलून आणलं, कुणाच्या घराला कुणाची दारं बसली, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या घरात मात्र परक्याची सुईसुद्धा आली नाही. हे खरं आहे. लोक हे सांगायला लागले की मी मान खाली घालतो आणि त्यांना तो माझा विनय वाटतो. कसला आलाय विनय! मला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटतं, गप्प बसा म्हणून.

आमचं रान तेरपासून दोन कोसांवर, तेरणेच्या वरच्या अंगाला. माझ्या बांधाला लागून चाँदपाशाचं रान. माझ्याकडं बैल एक, त्याच्याकडंही एकच. एका बैलावर शेती होत नाही, म्हणून दोन घरांनी बैल जोडायचे आणि दोघांनी मिळून दोन्ही रानं करायची. याला आमच्याकडं सावड म्हणतात. आमची सावड अकरा वर्षं चालली. भांडणं काही कमी झाली नाहीत. चाँदपाशा तोंडाचा फटकळ आणि मी हट्टी. एकदा तर माझ्या धसमुसळेपणानं पेरायच्या तिफणीचा फण त्याच्या डाव्या पायावर आला आणि करंगळी गेली. महिनाभर तो लंगडत होता आणि महिनाभर मला शिव्या देत होता, पण तिफणीवर रोज यायचा.

तिफण हाकायची पुरुषानं आणि चाड्यावर मूठ धरायची बाईनं, अशी आमची रीत. मूठ म्हणजे काय, तर चालत्या तिफणीच्या लाकडी वाटीत बी असं सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. ही मूठ साऱ्या शिवारात कुलसुमबीसारखी कुणाची नव्हती. कुलसुमबी म्हणजे चाँदपाशाची बायको. तिनं पेरलेल्या ज्वारीकडं बघत रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. माझी धुरपदा कामाला वाघीण, पण तिच्या मुठीत बी कधी दाट, कधी विरळ. त्यामुळं दोन्ही रानांत मूठ कुलसुमबीचीच असायची.

आता सावडीचा मुख्य नियम सांगतो. रब्बीची ज्वारी पेरायची तर जमिनीत नेमका वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, लागतो. तो आला की तीन-चार दिवसांत पेरून मोकळं व्हायचं, नाही तर वल उडून जाते. पहिल्या दिवसाच्या पेऱ्यात आणि चौथ्या दिवसाच्या पेऱ्यात फार फरक पडतो. म्हणून पहिली तिफण एका साली माझ्या रानात आणि पुढच्या साली त्याच्या रानात. जोडीदार आजारी असो, परगावी असो, त्याची पाळी त्याचीच राहते. ती दुसऱ्याकडं जाते एकाच कारणानं, जोडीदार मेला तर. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

अठ्ठेचाळीस साली पहिली तिफण चाँदपाशाची होती.

भाद्रपदात सोलापूरकडून फौजा आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. त्याआधी रझाकारांनी जे केलं होतं त्याचा राग लोकांच्या पोटात होता. तो राग ज्यांनी केलं त्यांच्यावर निघाला नाही. ते केव्हाच पळाले होते. तो निघाला पिंजाऱ्यावर, बांगड्या भरणाऱ्या मण्यारावर आणि चाँदपाशासारख्या कुणबिकी करणाऱ्यावर. हे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चाँदपाशा तेरला बहिणीला आणायला गेला, तो परत आलाच नाही. कुलसुमबी आणि तिची सहा वर्षांची नूरजहाँ माझ्या वाड्यामागं कडब्याच्या गंजीआड नऊ दिवस राहिल्या. धुरपदा पदराखाली भाकरी नेऊन द्यायची. गावातला माणिकप्पा दहा-बारा जण घेऊन दारात आला तेव्हा मी उंबऱ्यात उभा राहिलो. म्हणालो, "घरात माझी माणसं हायेत. आत यायचं आसंल तर माझ्यावरनं या." ते निघून गेले. तेवढ्यापुरता मी खरोखर चांगला माणूस होतो, आणि तेवढ्याच भांडवलावर मी आयुष्यभर जगलो.

सहाव्या दिवशी तेरचा शिवलिंग आला. त्याचा तिथं तेलाचा घाणा होता, चांगल्या ओळखीचा माणूस. त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "नदीच्या काठाला एक जण पडलाय. वळखू येत न्हाई. पर डाव्या पायाला करंगळी न्हाई."

मी त्याच्याबरोबर गेलो. करंगळी नव्हती. मी तिथं चिखलात बसून रडलो. आम्ही दोघांनी खड्डा खणला. त्यांच्यातली रीत मला काय ठाऊक, पण अकरा वर्षं दुपारच्या वक्ताला तो बांधावर मावळतीकडं तोंड करून उभा राहायचा ते मी पाहिलं होतं. म्हणून त्याचं तोंड मावळतीकडं केलं आणि माती लोटली.

घरी आलो तर कुलसुमबी गंजीआडून पुढं आली. तिनं तीन दिवस अन्नाला शिवलं नव्हतं.

"भाऊ, काय कळलं का?"

मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "काय न्हाई, भाबी. लई लोक सोलापूरकडं गेलेत म्हनं. तिकडंच गेला आसंल."

तिनं डोळे मिटले आणि अल्लाचं नाव घेतलं. मग धुरपदानं आणलेली अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, झालं हे बरंच झालं. बाई जेवली तरी. दोन दिवसांनी सांगू.

दोन दिवसांनी सांगितलं नाही. धुरपदालाही सांगितलं नाही. पुढं सगळं शांत झालं, कुलसुमबी आपल्या घरी राहायला गेली. तिच्या घराची कडी मी कुणाला काढू दिली नव्हती, आतलं मडकंही हललं नव्हतं. ती रोज तिन्हीसांजेला येऊन विचारायची आणि मी रोज काहीतरी सांगायचो. कुणी त्याला नळदुर्गाच्या वाटेला बघितलं, कुणी म्हणतं छावणीत माणसं ठेवलीत, हळूहळू सोडतील. पहिलं खोटं बोलताना जीभ जड झाली होती. चौथ्या-पाचव्या वेळेला मी तिफणीची दोरी वळता वळता सहज बोलून गेलो. ती ऐकायची, हातातल्या हिरव्या बांगड्या मागंपुढं करायची आणि पोरीला म्हणायची, "ऐकलं का, अब्बा येतेत."

सोलापुरात तिचा भाऊ होता, जैनोद्दीन. त्याचा निरोप आला की सगळं आवरून ये, बैलही घेऊन ये. ती म्हणाली, "ते आल्याबिगर म्या कशी जाऊ? रान कोन पेरंल?" हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. का पडला? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. तिला खरं कळलं असतं तर ती बैल घेऊन गेली असती आणि ऐन पेरणीच्या तोंडावर माझ्या दावणीला एकटा बैल राहिला असता. हा हिशेब माझ्या मनात केव्हा शिरला, ते मी शोधतोय. पहिल्या संध्याकाळी तो नव्हता, हे मी देवाशपथ सांगेन. पुढं नव्हता, असं मला सांगता येत नाही.

हस्ताचा पाऊस चांगला झाला. तीन दिवस उघडीप पडली आणि वाफसा आला. पाळी चाँदपाशाची. आदल्या दिवशी कुलसुमबी म्हणून गेली, "भाऊ, सकाळी मलिदा करून घेऊन येते. बी निवडून ठेवलंय." पहिल्या तिफणीला ती दरसाल मलिदा करायची. बांधावर ठेवून फातिहा द्यायची आणि मग आम्ही सगळे तो खायचो.

सकाळी मी दोन्ही बैल जुंपले आणि माझ्या रानात घातले.

कारण विचाराल तर माझ्यापाशी चांगली चार कारणं होती. माझं रान माळाचं, लवकर वाळतं. त्याचं रान खोल, दोन दिवस जास्त वल धरतं. माणिकप्पानं आदल्या दिवशी पारावर टोमणा मारला होता, "काय उत्तरेश्वर, आधी तिचं पेरून देनार म्हनं!" तेही मनाला लागलं होतं. आणि तिला तर मी उद्याच पेरून देणार होतो, बुडवणार थोडाच होतो. धुरपदा म्हणाली, "आवो, पाळी त्यांची हाय न्हवं?" मी खेकसलो, "तू मूठ धर."

सूर्य कासराभर वर आला तेव्हा कुलसुमबी बांधावर आली. डोक्यावर मलिद्याची टोपली, काखेत बियाची पिशवी, मागं नूरजहाँ. तिचं रान मोकळं होतं आणि माझ्या रानात आठ-दहा तासं, म्हणजे पेऱ्याच्या ओळी, पडली होती. तिला आधी वाटलं, आपलंच काही चुकलं.

"भाऊ, हिकडं कशी काय घातली तिफन?"

मी बैल थांबवले. "भाबी, माझं रान माळाचं. वल लगेच जाती. तुमचं उद्या..."

"आवो, मग मला इचारायचं हुतं. म्या नको म्हनले असते का?"

ती खरंच नको म्हणाली नसती. एवढा सोपा शब्द होता आणि तो मी टाकला नव्हता. ती पुढं आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ती नुसता विचार करत होती.

"ते आल्यावर तुमाला काय काय बोलतील! त्यांची पाळी कुनी मोडली तर त्यांना खपत न्हाई. तुमाला त्याचं भ्या न्हाई वाटलं?"

मी तिफणीच्या रुमण्यावर हात ठेवून उभा होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. नळदुर्ग, छावणी, सोलापूर, काहीही चाललं असतं. पंधरा दिवस जे सहज जमत होतं ते नेमकं तेव्हा जमलं नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग तिनं टोपली खाली ठेवली.

"ते न्हाईत," ती म्हणाली.

मी मान खाली घातली.

"कवा कळलं तुमाला?"

"सहाव्या रोजी. शिवलिंग आला हुता तवा."

"म्या इचारलं, त्याच दिवशी?"

"व्हय."

धुरपदा तोंडाला पदर लावून मटकन तासात बसली. कुलसुमबीचा आवाज मात्र अगदी शांत होता. "कुठं हायेत?"

"तेरनंच्या काठाला. म्या आन शिवलिंगनं माती दिली. तोंड मावळतीकडं केलंय, भाबी."

नूरजहाँनं मलिद्यात हात घातला होता, तो तिनं हळूच बाहेर काढला आणि पदरानं पुसला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी खोटं बोलत न्हाई, म्हनून म्या जेवत हुते, भाऊ."

एवढंच बोलली. मला शिवी दिली असती, माती फेकून मारली असती, तर मी तिचे पाय धरले असते. तिनं बांधावरचा दगड बघितला, खाली बसली आणि दोन्ही हात दगडावर आपटले. हिरव्या काचा बांधावर पडल्या. पोर भेदरून रडायला लागली. तिला कडेवर घेऊन ती बांधाबांधानं गावाकडं चालू लागली. ओढ्याजवळ गेल्यावर तिनं जो हंबरडा फोडला, तो शिवारभर ऐकू आला.

पुढचं गावाला माहीत आहे. चार दिवसांनी जैनोद्दीन येऊन तिला घेऊन गेला. जाताना ती म्हणाली, बैल राहू द्या, त्याच्याबिगर भाऊचं रान कसं होनार. गाव हे कौतुकानं सांगतं, बघा किती विश्वास होता तिचा उत्तरेश्वरवर. माझं रान पेरून झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिचं रान पेरलं, हेही सांगतात. पण कुलसुमबी ओढ्याजवळ रडत होती तेव्हा मी काय केलं, ते धुरपदा सोडून कुणाला माहीत नाही. धुरपदा आता नाही, म्हणून सांगतो.

धुरपदा डोळे पुसत उठली आणि तिच्या मागं निघाली. मी वर बघितलं. ऊन तापलं होतं आणि मघाच्या तासांची माती वरून पांढरी पडायला लागली होती. अर्ध्याहून जास्त रान राहिलं होतं.

"कुठं चाललीस?"

"तिच्यामागं कुनी नगं का? जीवाचं काय करून घेतलं तर?"

"जा की मग. पर हे पेरून जा. मूठ धर, वल चाललीया."

ती माझ्याकडं बघत राहिली. संसाराच्या तीस वर्षांत तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं, त्याआधीही नाही आणि नंतरही नाही. मग तिनं ओटीत बी घेतलं. मी बैल हाकले, एक माझा आणि एक चाँदपाशाचा. रडणं बराच वेळ ऐकू येत होतं. दिवस मावळायच्या आत माझं सगळं रान पेरून झालं, आणि त्या साली ज्वारी चांगली आली.