रजिस्टरातली अकरा डिसेंबर

नाथाजी फौजेतून सुटून आला तेव्हा पाटण खोऱ्यातल्या गावात त्याचं असं कुणी उरलं नव्हतं. सदुसष्टच्या भूकंपात घर बसलं आणि त्याची बायको त्यात गेली. तो तेव्हा जम्मूला होता. तार तिसऱ्या दिवशी मिळाली. तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गाव सोडून तो म्हसवडजवळच्या एका शाळेत कारकून म्हणून लागला. एक खोली घेतली. भाकरी स्वतःच थापायचा. वर्षाला एकच रजा मागायचा, अकरा डिसेंबरची, आणि त्या दिवशी दार लावून आत बसून राहायचा. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये पहिलीत नावं घालणं चालू होतं. पोरांच्या जन्मतारखा आईबापांना ठाऊक नसायच्या, म्हणून हेडमास्तरांच्या सांगण्यावरून तो सरसकट एक जून लिहायचा. मेंढरं राखणारी तानुबाई लेकीला, सुलाला, घेऊन आली तेव्हाही त्यानं टाक उचलला.

"आवं, एक जून न्हाई," तानुबाई म्हणाली. "आमी मेंढरं घिऊन पाटणच्या अंगाला हुतो. पहाटं जमीन हालली, मेंढरं बिथरून पळाली, आन् त्याच घटकंला ही झाली. तारीख तेवडी ठावं न्हाई."

नाथाजीचा हात तसाच राहिला.

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुरावा काय?"

"माझी बायको त्याच पहाटं गेली, सर."

हेडमास्तरांनी 'लिहा' म्हणून मान हलवली. नाथाजीनं सावकाश लिहिलं, अकरा डिसेंबर एकोणीसशे सदुसष्ट. तानुबाईनं लेकीला जवळ घेतलं.

"बरं झालं तुमी सांगितलंत, ताई," तो म्हणाला.

त्या वर्षी डिसेंबरात त्यानं रजेचा अर्ज केला नाही. तानुबाई मेंढरं घेऊन लांब गेली होती. सुला आजीजवळ होती. मधल्या सुट्टीत त्यानं तिला व्हरांड्यात बोलावलं आणि कागदाच्या पुडीतले गूळ-शेंगदाणे दिले.

"कशापायी?"

"आज तुजा वाढदिवस हाय."

ती खात राहिली. मग म्हणाली, "आजी म्हनती, तवा लय मानसं मेली. खरं व्हय?"

"व्हय. माजी बायको बी. बनुबाई नाव तिचं."

सात वर्षांत ते नाव त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं. त्याचा त्यालाच आवाज परका वाटला.

"कशी हुती?"

"उंच हुती. मी सुट्टीवर आलो की वड्याच्या पाण्यापातूर सामोरी यायची, आन्..."

घंटा झाली. "उद्या सांगा," म्हणत सुला वर्गाकडं पळाली.

पटांगण रिकामं झालं. नाथाजी खांबाला टेकला, आणि बनुबाई सामोरी येऊन पहिलं काय विचारायची, ते पुढचं सगळं त्यानं हलक्या आवाजात एकट्यानंच सांगून संपवलं.